‘बिलव्हेड’ वाचताना वाचकांचे एकमत का होत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या अकरा जणांच्या वाचनगटाने टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी वाचायला घेतली. चौघांनी पन्नास पानांच्या आत ती सोडून दिली, कारण कोण बोलत आहे आणि कोणत्या वर्षातले बोलत आहे हेच त्यांना कळेना. तिघांना ती आजवर वाचलेल्या कादंबऱ्यांत सर्वश्रेष्ठ वाटली. दोघांनी ती पूर्ण केली, पण क्रौर्याचे इतके तपशील कशासाठी, असे विचारले. एकाला गुलामगिरीच्या इतिहासात भूत आणणे पटले नाही. आणि एक ज्येष्ठ सदस्य, ज्या स्वतः आजी आहेत, ‘पोटच्या लेकराचा गळा कापणाऱ्या बाईची बाजू मला समजून घ्यायची नाही’ असे म्हणून बैठकीतून उठून गेल्या. यात उणीव वाचकांची की पुस्तकाची, असे आपण विचारले आहे.

तीस वर्षे मी अमेरिकी साहित्य शिकवते आहे आणि वर्गाबाहेर वाचनगटही चालवते. ही कादंबरी मी दहा-बारा वेळा तरी इतरांसोबत वाचली असेल, आणि एकदाही तिच्याबद्दल एकमत झालेले मला आठवत नाही. सुरुवातीची काही वर्षे मला हे माझ्या शिकवण्याचे अपयश वाटत असे. आता मला वेगळे वाटते. आपल्या गटात झालेला वाद कादंबरीबाहेरचा नाही. तो कादंबरीतल्या माणसांमध्ये आधीच होऊन गेला आहे, आणि त्याच्याही आधी, 1856 साली, तो सिनसिनाटीच्या न्यायालयात झाला होता. तेव्हा उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

जानेवारी 1856 मध्ये मार्गारेट गार्नर नावाची एक तरुण गुलाम स्त्री नवरा, सासू-सासरे आणि चार मुले यांच्यासह केंटकी राज्यातून पळाली. मधली ओहायो नदी त्या कडाक्याच्या थंडीत गोठलेली होती. बर्फावरून चालत ही माणसे पलीकडे, गुलामगिरी नसलेल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात, एका नातेवाइकाच्या घरी पोहोचली. परंतु 1850 च्या फरारी गुलाम कायद्यानुसार मालकाला मुक्त राज्यातूनही आपला गुलाम पकडून नेता येत होता. काही तासांतच मालक आणि सरकारी अधिकारी यांनी घराला वेढा घातला, तेव्हा मार्गारेटने आपल्या सुमारे दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला, आणि बाकीच्या मुलांनाही ती मारू पाहत असताना तिला पकडण्यात आले.

पुढे न्यायालयात जे घडले ते मी प्रत्येक गटाला आवर्जून सांगते. मार्गारेटचा वकील जॉन जॉलिफ याची धडपड अशी होती की तिच्यावर ओहायो राज्याने खुनाचा खटला चालवावा. आरोपीचा वकीलच आपल्या अशिलावर खुनाचा आरोप ठेवा म्हणतो, याचे कारण असे की खुनी ठरण्यासाठी आधी माणूस ठरावे लागते. आपल्या मुलीच्या जिवाला ती जबाबदार आहे असे मानले, तर ती मुलगी तिची होती हेही मानावे लागते. मालकाच्या बाजूचे म्हणणे सरळ होते: आई आणि मुलगी दोघीही मालमत्ता आहेत, मालमत्ता परत द्या. निकाल मालकाच्या बाजूने लागला. तिला केंटकीला नेण्यात आले आणि तिथून बोटीने दक्षिणेकडे पाठवण्यात आले. वाटेत बोटीला अपघात होऊन तिची तान्ही मुलगी बुडाली, आणि दोन वर्षांनी, 1858 मध्ये, मार्गारेट विषमज्वराने मरण पावली. गुलामगिरीविरोधी वक्त्यांनी तिला वीरमाता म्हटले, गुलामगिरीच्या समर्थकांनी तिचे कृत्य रानटीपणाचा पुरावा म्हणून दाखवले, आणि 1867 मध्ये एका चित्रकाराने तिला ग्रीक पुराणातल्या, सूडापोटी मुलांना मारणाऱ्या मीडियाचे आधुनिक रूप म्हणून रंगवले. तिच्याबद्दल मत नसलेला माणूस त्या काळी विरळाच असावा.

मॉरिसन यांना ही घटना कादंबरीकार म्हणून नव्हे, तर संपादक म्हणून भेटली. न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनसंस्थेत काम करताना त्यांनी 1974 मध्ये कृष्णवर्णीयांच्या तीनशे वर्षांच्या जीवनाविषयीचे कागदपत्रे, छायाचित्रे आणि कात्रणे यांचे एक मोठे पुस्तक सिद्ध केले. त्यात 1856 च्या एका धार्मिक नियतकालिकातले कात्रण होते: तुरुंगात मार्गारेटला भेटून आलेल्या एका पाद्र्याचा वृत्तान्त. ती शांत होती, वेडी नव्हती, असे तो लिहितो. आणि तिथेच असलेल्या सासूने त्याला जे सांगितले तेही लिहितो: मी सुनेला प्रोत्साहनही दिले नाही आणि अडवलेही नाही. मॉरिसन यांनी गार्नरच्या चरित्रात फार खोल जायचे मुद्दाम टाळले, पण ती सासू मात्र त्यांच्या कादंबरीत बेबी सग्ज होऊन आली. ही म्हातारी सुनेचे कृत्य योग्यही म्हणू शकत नाही आणि अयोग्यही म्हणू शकत नाही. एक काहीतरी ठरवता आले असते तर ती तगली असती, पण दोन्ही बाजूंच्या ओढीत ती खचते, अंथरूण धरते आणि रंगांविषयी विचार करत मरते. आपल्या गटात ‘मला काहीच ठरवता येत नाही’ असे म्हणणारे कोणी असेल, तर त्या वाचकाला कादंबरी समजली नाही असे कृपया मानू नका.

आता पॉल डी पाहा. तो सेथावर, म्हणजे गार्नरप्रमाणेच आपल्या मुलीचा गळा कापणाऱ्या कादंबरीतल्या आईवर, प्रेम करतो, केंटकीच्या त्याच शेतावर त्यानेही गुलामी भोगली आहे, त्याच्याइतका अधिकारी श्रोता तिला दुसरा मिळणे शक्य नाही. तरीही तिने काय केले हे कळल्यावर त्याच्या तोंडून निघते ते असे की तुला पाय दोन आहेत, चार नाहीत. हे वाक्य वर्गात वाचले की बऱ्याच माना डोलतात. मग मी पुढच्या भागातली काही पाने उघडायला सांगते. शेतावरचा नवा कारभारी, ज्याला सगळे नुसते ‘मास्तर’ म्हणतात, तो आपल्या पुतण्यांना वहीत दोन रकाने आखायला लावतो आणि सेथाचे माणसासारखे गुण एका बाजूला, जनावरासारखे दुसऱ्या बाजूला लिहायला सांगतो; ती वही भरायला वापरलेली शाई सेथानेच बनवलेली असते. म्हणजे पॉल डी तिला दोषी ठरवतो तेव्हा नकळत मास्तरचाच रकाना भरतो. पहिल्या वाचनात हे क्वचितच कोणाला दिसते, मलाही दिसले नव्हते. आपण निवाडा करायला बसतो तेव्हा निवाड्याची भाषा कोणाकडून आलेली आहे, हा प्रश्न मॉरिसन अशा रीतीने कथानकातच पेरून ठेवतात.

मध्यवर्ती घटना सांगितली कशी आहे, हेही इथेच पाहू. कादंबरीच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत ती फक्त सूचनांतून येते. प्रथमच ती सलग दिसते ती मास्तर, त्याचा पुतण्या, गुलाम पकडणारा आणि शेरीफ अशा चार घोडेस्वारांच्या नजरेतून, तीही नुकसान झालेल्या मालाच्या हिशेबाच्या स्वरात. नंतर वर्तमानपत्रातल्या कात्रणातून, जे पॉल डीला वाचता येत नाही आणि ज्यातल्या चित्रातले तोंड तिचे नाहीच असे तो म्हणत राहतो. आणि शेवटी सेथाच्या स्वतःच्या तोंडून. पण ती सांगताना खोलीत गोल गोल फिरते, मुद्द्याभोवती घिरट्या घालते, आणि तो तिला कधीच सरळ सांगता येणार नाही हे तिला माहीत असते. ज्या चौघांनी पन्नास पानांत पुस्तक ठेवले, त्यांना ही घिरटी जाणवली होती, एवढेच मी म्हणेन. त्यांना जाणवलेला गोंधळ खरा आहे आणि तो हेतुपुरस्सर आहे. मॉरिसन यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की वाचकाला पळवून नेऊन अनोळखी जागी टाकून द्यावे तसे त्यांना सुरुवातीलाच करायचे होते, कारण गुलामांनाही पूर्वसूचनेशिवाय, बचावाच्या साधनांशिवाय असेच एका जागेवरून दुसऱ्या जागी फेकले गेले होते. सुरुवातीलाच एक घर क्रमांक येतो, 124, आणि ते घर द्वेषाने भरलेले आहे असे सांगितले जाते. तो एका बाळाचा द्वेष आहे एवढे कळते; कोणते बाळ, कशाबद्दल, काही नाही. सेथाला चार मुले, त्यांतले तिसरे मेलेले; एक, दोन, चार या आकड्यांत तीन नाही, हे बहुतेकांच्या दुसऱ्या वाचनात लक्षात येते.

हेतू चांगला असला म्हणून वाचकाने सहन केलेच पाहिजे, असे मात्र मी मानत नाही. पुस्तक खाली ठेवण्याचा हक्क वाचकाचा आहे. परंतु त्या चौघांपैकी कोणी पुन्हा प्रयत्न करणार असेल, तर मी त्यांना गार्नरची हकीकत आणि मुख्य घटना आधीच सांगून टाकीन. माझ्या काही सहकाऱ्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते त्यामुळे लेखिकेने रचलेला आघात वाया जातो. मला उलटा अनुभव आला आहे. काय झाले हे माहीत असलेला वाचक, ते सांगायला इतका वेळ का लागतो आहे याकडे लक्ष देऊ शकतो, आणि कादंबरीचा जीव तिथेच आहे. सोबत एवढेच टिपून ठेवायला सांगावे: वर्तमान 1873 चे, सिनसिनाटीत, पळून येणे 1855 मधले, त्याआधीचे सगळे केंटकीतल्या ‘स्वीट होम’ नावाच्या शेतावरचे, मध्ये नदी. आणि दुसऱ्या भागातली सेथा, तिची धाकटी मुलगी डेन्व्हर आणि मेलेली मुलगीच परत आली असावी अशी घरात आलेली तरुणी बिलव्हेड यांची स्वगते तीन जणांनी तीन आवाजांत मोठ्याने वाचावीत. बिलव्हेडच्या स्वगतात विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. डोळ्यांना ते पान भिंतीसारखे दिसते, पण कानाला त्यात अंधारात एकमेकांवर रचलेली माणसे, समुद्र आणि गुलामांना आफ्रिकेतून आणणारे जहाज ऐकू येते.

क्रौर्याच्या तपशिलांविषयी आपल्या दोन सदस्यांनी घेतलेला आक्षेप फार जुना आहे आणि तो हलका नाही. 1987 मध्ये पुस्तक आले तेव्हा स्टॅन्ली क्राउच या कृष्णवर्णीय समीक्षकाने त्यावर कडक टीका केली. दुःखांची स्पर्धा लावणारी भडक भावनाट्याची कादंबरी, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पुढच्याच जानेवारीत 48 कृष्णवर्णीय लेखक-समीक्षकांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या पुस्तक पुरवणीत एक निवेदन दिले, की मॉरिसन यांच्यासारख्या लेखिकेला अजून राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार किंवा पुलित्झर मिळू नये ही खेदाची गोष्ट आहे. त्याच वर्षी या कादंबरीला पुलित्झर मिळाले, आणि 1993 मध्ये मॉरिसन यांना नोबेल. तेव्हा ‘गोरे वाचक एका बाजूला आणि कृष्णवर्णीय दुसऱ्या बाजूला’ अशी सोपी विभागणी इथे लागू पडत नाही. अमेरिकेतल्या शाळांमधला वाद आणखी निराळा आहे. व्हर्जिनिया राज्यात 2016 मध्ये पाठ्यपुस्तकांतील लैंगिक मजकुराची पालकांना सूचना देण्याचे जे विधेयक आले ते या कादंबरीच्या नावानेच ओळखले गेले आणि राज्यपालांनी ते नाकारले. पण त्या वादाने कादंबरीच्या समजुतीत फारशी भर पडली, असे मला वाटत नाही.

क्राउच यांच्याशी माझे मतभेद आहेत, आणि ते मजकूर समोर ठेवूनच सांगता येतात. सेथाच्या पाठीवर चाबकाचे व्रण आहेत, पण ते तिने स्वतः कधी पाहिलेले नाहीत. पळताना भेटलेल्या एका गोऱ्या मुलीने त्यात फुलांनी लवलेले झाड पाहिले, आणि सेथा तेच शब्द वापरते. पॉल डी चाबकाविषयी विचारत राहतो आणि ती पुन्हा पुन्हा एकच सांगते, की त्यांनी माझे दूध घेतले. मास्तरच्या पुतण्यांनी तिला धरून तिच्या छातीचे दूध काढले होते, पुढे पाठवलेल्या तान्ह्या मुलीसाठी राखलेले दूध. चाबूक तिला दुय्यम आहे. असा क्रम भडकपणा करणाऱ्या लेखकाला सुचत नाही. 18-19 व्या शतकातल्या गुलामांच्या आत्मकथनांत, म्हणजे फ्रेडरिक डग्लस यांच्या 1845 च्या किंवा हॅरिएट जेकब्ज यांच्या 1861 च्या पुस्तकांसारख्या लेखनात, लेखकांना समोरच्या गोऱ्या वाचकाचे मन सांभाळावे लागे. सांगवणार नाही इतके भयंकर, असे म्हणून ते अनेक ठिकाणी पडदा ओढून घेत. तो पडदा बाजूला करणे हे आपले काम आहे, असे मॉरिसन यांनी स्पष्ट म्हटले आहे. आपल्या त्या दोन सदस्यांना मी एवढेच विचारीन की त्यांना असह्य झालेले पान नेमके कोणते. बहुतेकदा ते पान उघडून पाहिल्यावर तिथे मारहाणीचे वर्णन अगदी थोडे निघते.

भुताविषयीचा आक्षेप मला मराठी वाचकांत प्रामुख्याने शहरी, उच्चशिक्षित मंडळींकडून ऐकायला मिळाला. हे भूत म्हणजे प्रतीक आहे का, अपराधभावना आहे का, असे ते विचारतात, आणि प्रतीक म्हटले की त्यांना हायसे वाटते. कोकणातल्या एका खेड्यातून आलेल्या विद्यार्थिनीने एकदा वर्गात म्हटले, की आमच्याकडे एखाद्याला धरले की ‘तू खरा आहेस का’ असे कोणी विचारत नाही, ‘तू कोण, तुला काय पाहिजे’ असे विचारतात. त्या एका वाक्याने मला कादंबरीचा दुसरा भाग नव्याने वाचता आला. बिलव्हेड काय मागते, हाच तर तिथला विषय आहे: आधी गोड खाणे, मग गोष्टी, मग सेथाचा सगळा वेळ, तिच्या ताटातला घास, शेवटी तिचे अंग झिजेपर्यंत सर्व काही. ती मेलेली मुलगी परत आली आहे, की जहाजातून आलेली कोणी, की एखाद्या गोऱ्याने वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली आणि निसटलेली मुलगी, या तिन्ही शक्यता मॉरिसन शेवटपर्यंत खुल्या ठेवतात. आणि बेबी सग्ज तर सुरुवातीलाच सुनेला सुनावते की या देशात कोणा मेलेल्या काळ्या माणसाच्या दुःखाने भरलेले नाही असे घरच नाही. जिथे माणसे मोजल्याविना समुद्रात टाकली गेली, तिथे मेलेल्यांनी घरात येणे हा इतिहासाला जोडलेला अलंकार नसून नोंदवहीत नसलेल्यांना जागा देण्याचा मार्ग आहे, असे माझे मत आहे. कादंबरी साठ दशलक्ष आणि त्याहून अधिक जणांना अर्पण केलेली आहे.

‘हा आपला इतिहास नाही’ असे आपल्या गटात कोणी म्हटले नाही, पण इतर गटांत मी ते ऐकले आहे, म्हणून एक गोष्ट नोंदवते. कादंबरीचा वर्तमानकाळ 1873 चा आहे, आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. त्यांनी ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केले, आणि त्यांचे उदाहरण आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी समोर ठेवावे अशी आशा व्यक्त केली. फुल्यांना दुरून जी मुक्ती दिसत होती ती खरीच होती. साधारण त्याच काळात सिनसिनाटीच्या त्या घरात मात्र सुटून अठरा वर्षे झालेली एक बाई दारात टोपी घातलेला गोरा माणूस दिसताच पुन्हा हत्यार उचलते. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचलेल्या एका गटात मी अनेक वर्षांतली सर्वात गंभीर चर्चा ऐकली. ज्यांच्या घरात आजी-आजोबांच्या काळच्या अपमानाच्या गोष्टी अर्धवट सांगून थांबवल्या जात, ते सदस्य त्या दिवशी बराच वेळ बोलले, आणि ज्यांच्या घरात अशा गोष्टी नव्हत्या ते ऐकत राहिले.

राहता राहिल्या आपल्या उठून गेलेल्या ज्येष्ठ सदस्य. त्यांना समजावून परत आणायचे असेल, तर सेथाचे वकीलपत्र घेऊ नका. त्यांच्याच मताची एक बाई कादंबरीत आहे: एला. तारुण्यात एका गोऱ्या बापलेकांनी तिला वर्षभर कोंडून ठेवले होते, आणि त्यातून जन्मलेल्या मुलाला तिने दूध पाजायचे नाकारले होते. तिला सेथाचा संताप कळतो, पण तिने केले ते चूकच, हे तिचे मत कधी बदलत नाही, आणि अठरा वर्षे ती सेथाच्या घराकडे फिरकत नाही. मग तिला कळते की मेलेली मुलगी परत येऊन आईला खाऊन टाकते आहे. अपराध कितीही मोठा असला तरी त्याची वसुली अशी, घरात शिरून, रोज, होऊ द्यायची नाही, असे तिचे मन घेते. आणि परिसरातल्या तीसएक बायकांना घेऊन भर उन्हात त्या घराच्या फाटकापर्यंत जाणारी तीच असते. सेथाला क्षमा केल्याचे तिने कुठेही म्हटलेले नाही. तो प्रसंग तिसऱ्या भागात आहे, आणि पुढच्या बैठकीआधी त्या बाईंच्या घरी जाऊन, बाकी काही न बोलता, तेवढी पाने आपण त्यांना वाचून दाखवावीत, असे मी सुचवते.